साठ वर्षांचं तरुण विद्यापीठ: कॉन्स्टान्झला येऊ पाहणाऱ्यांसाठी

जर्मनीत शिकायला जायचं ठरलं की घरात पहिली नावं निघतात ती हायडेलबर्ग आणि म्युनिकची. हायडेलबर्ग १३८६ सालचं. त्याच्या शेजारी १९६६ साली सुरू झालेलं कॉन्स्टान्झ विद्यापीठ अगदीच पोरसवदा वाटतं. आपलं पुणे विद्यापीठसुद्धा त्याच्याहून मोठं, १९४९ चं. त्यामुळे ऑफर लेटर हातात असलेली मुलं आणि त्यांचे आईवडील हमखास विचारतात, "एवढं नवीन आहे, चालेल ना?"

चालेल. पण जुन्या विद्यापीठात जसं वावरायचं तसंच इथे वावरलात, तर इथलं जे खरं चांगलं आहे ते हाताला लागणार नाही. साठच्या दशकात कॉन्स्टान्झसारखी नवी विद्यापीठं एका ठरावीक हेतूनं उभी केली गेली आणि तो हेतू आजही इमारतीत, ग्रंथालयात, अभ्यासक्रमात दिसतो. म्हणून या मार्गदर्शकाची सुरुवात व्हिसापासून करत नाही.

पायरी १: विद्यापीठ का उभं राहिलं ते आधी वाचा

युद्धानंतरच्या पश्चिम जर्मनीत विद्यार्थी भराभर वाढत होते आणि जुनी विद्यापीठं तुडुंब भरली होती. १९६० मध्ये तिथल्या विज्ञान परिषदेनं नवी विद्यापीठं काढण्याची शिफारस केली. १९६४ मध्ये गेओर्ग पिख्त यांनी देशावर शैक्षणिक आपत्ती येऊ घातल्याचा इशारा दिला आणि चर्चा घराघरांत पोचली. त्या लाटेत बोखुम, रेगेन्सबुर्ग, कॉन्स्टान्झ, उल्म, बीलेफेल्ड, ब्रेमेन अशी विद्यापीठं काही वर्षांच्या अंतरानं उभी राहिली.

कॉन्स्टान्झची कल्पना बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याचे मुख्यमंत्री कुर्ट गेओर्ग कीसिंगर यांनी १९५९ मध्ये मांडली. हेच कीसिंगर पुढे पश्चिम जर्मनीचे चान्सलर झाले. पहिले रेक्टर, म्हणजे कुलगुरू, गेर्हार्ड हेस हे मूळचे साहित्याचे अभ्यासक, आणि त्याआधी जर्मन संशोधन संस्थेचे, म्हणजे डीएफजीचे अध्यक्ष. संस्थापक समितीत समाजशास्त्रज्ञ राल्फ डारेनडॉर्फ होते. शिक्षण हा नागरिकाचा हक्क आहे, हे त्यांनी त्या काळात ठासून मांडलं. पुढे ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक झाले.

या मंडळींना जुन्या विद्यापीठाची छोटी आवृत्ती काढायची नव्हती. जुन्या पद्धतीत प्रत्येक प्राध्यापकाची स्वतःची संस्था, स्वतःचं ग्रंथालय, स्वतःचे सहायक, आणि एकाच्या हद्दीत दुसऱ्यानं पाय ठेवायचा नाही. कॉन्स्टान्झमध्ये हे टाळायचं ठरलं. एकच कॅम्पस, एकच ग्रंथालय, मोजके विभाग, संशोधन पहिल्यापासून शिकवण्याला जोडलेलं, आणि विद्यार्थी फक्त ३,०००. वर्तमानपत्रांनी त्याला 'बोडेनसे सरोवराकाठचं छोटं हार्वर्ड' म्हणायला सुरुवात केली. ३,००० चा आकडा फार काळ टिकला नाही. आज तिथे दहा हजारांच्या आसपास विद्यार्थी आहेत आणि १३ विभाग तीन गटांत विभागलेले आहेत. तरीही जर्मनीच्या मानानं हे विद्यापीठ लहानच, आणि त्याचा फायदा कसा घ्यायचा ते पुढे येईलच.

साहित्यात रस असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या. हान्स रॉबर्ट याउस आणि व्होल्फगांग इझर हे दोघे इथलेच. साहित्यकृतीचा विचार वाचकाच्या बाजूनं करायचा, हा त्यांचा आग्रह 'कॉन्स्टान्झ स्कूल' म्हणून जगभर गेला आणि आपल्याकडच्या एम.ए.च्या समीक्षेच्या पेपरापर्यंत पोचला. याउस नाझी काळात वाफेन-एसएसमध्ये, म्हणजे नाझींच्या सशस्त्र दलात, अधिकारी होते. विद्यापीठानं याची चौकशी स्वतः एका इतिहासकाराकडून करवून घेतली आणि निष्कर्ष जाहीर केले. आपल्या सर्वांत गाजलेल्या प्राध्यापकाबद्दल असं करणाऱ्या संस्थेबद्दल मला आदर वाटतो.

पायरी २: 'एक्सलन्स'चा शिक्का नीट वाचा

कॉन्स्टान्झच्या माहितीपत्रकांवर तुम्हाला 'एक्सलन्स युनिव्हर्सिटी' असं दिसलं असेल. हा केंद्र आणि राज्य सरकारांनी मिळून चालवलेल्या स्पर्धेतला दर्जा आहे. २००६ आणि २००७ च्या फेऱ्यांत मिळून देशभरातून नऊ विद्यापीठं निवडली गेली. म्युनिक, हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग, ग्योटिंगेन यांच्या पंगतीत चाळीस वर्षांचं कॉन्स्टान्झही बसलं. २०१२ आणि २०१९ मध्येही त्यानं तो दर्जा राखला. एवढ्या लहान विद्यापीठानं तिन्ही वेळा हे करणं ही खरोखर मोठी कामगिरी आहे.

पण हा शिक्का कायमचा नसतो. ब्रेमेन विद्यापीठ १९७१ चं. सुरुवातीला ते विद्यार्थ्यांना कारभारात बरोबरीचा वाटा देणारं, डाव्या विचारांचं म्हणून ओळखलं जायचं. पुढे सागरी विज्ञानात त्यानं जगात नाव काढलं, २०१२ मध्ये एक्सलन्सचा दर्जा मिळवला, आणि २०१९ मध्ये तो गेला. त्यामुळे तिथली प्रयोगशाळा एका रात्रीत वाईट झाली नाही. या दर्जाबरोबर येणारा पैसा मुख्यतः संशोधनाला मिळतो. तुम्ही पीएचडीला किंवा संशोधनाकडे झुकणाऱ्या मास्टर्सला येत असाल तर त्याचा थेट उपयोग आहे. बॅचलरच्या वर्गात तो फारसा जाणवणार नाही.

पीएचडी आणि त्यापुढचा विचार करणाऱ्यांनी 'त्सूकुन्फ्ट्सकोलेग' हे नाव टिपून ठेवावं. प्राध्यापक होण्याआधीच तरुण संशोधकाला स्वतःचा विषय, स्वतःचा निधी आणि स्वातंत्र्य देणारी ही इथली संस्था आहे. जर्मन व्यवस्थेत तरुण संशोधक वर्षानुवर्षं एका प्राध्यापकाच्या हाताखाली राहतो, म्हणून तिचं महत्त्व.

पायरी ३: विद्यापीठ नाही, विभाग निवडा

रँकिंगची यादी बाजूला ठेवा आणि विभागाच्या पानावर जा. तीन गोष्टी शोधा.

पहिली, विषयांची पुस्तिका, म्हणजे मॉड्यूल हँडबुक. प्रत्येक विषयाला किती क्रेडिट, परीक्षा लेखी की प्रबंध, कोणत्या सेमिस्टरला शिकवतात, हे सगळं त्यात असतं. ती जर्मन भाषेत असेल आणि कोर्स इंग्रजी म्हणून जाहिरात केलेला असेल, तर ईमेल करून विचारा की किती विषय खरोखर इंग्रजीत होतात.

दुसरी, प्रवेशाच्या अटी. 'संगणकशास्त्रात पदवी' एवढ्यावर भागत नाही. गणिताची इतकी क्रेडिट, संख्याशास्त्राची इतकी, असं मोजून मागितलेलं असतं. आपल्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम पीडीएफमध्ये काढून ठेवा, तो लागतोच.

तिसरी गोष्ट बहुतेक जण बघतच नाहीत: विभागातले लोक कोणाबरोबर काम करतात. इथेच तरुण विद्यापीठाची खरी ताकद आहे. कॉन्स्टान्झमध्ये जीवशास्त्रज्ञ, संगणकवाले आणि मानसशास्त्राचे लोक मिळून प्राण्यांच्या समूहवर्तनाचा अभ्यास करतात. माशांचा थवा एकदम वळतो तेव्हा तो निर्णय कोण घेतो? टोळ एकत्र का चालतात? हे प्रश्न सोडवायला कॅमेऱ्यांनी सज्ज असं एक मोठं दालन कॅम्पसवर बांधलेलं आहे, आणि २०१९ पासून मॅक्स प्लांक या जर्मन संशोधन संस्थेची प्राणिवर्तनाची स्वतंत्र शाखा याच परिसरात काम करते. समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि डेटा सायन्स एकत्र शिकवणारा मास्टर्सचा कोर्सही याच वृत्तीतून आला आहे. तुमचा विषय दोन विभागांच्या मधोमध पडत असेल, तर अशी जागा जुन्या मोठ्या विद्यापीठांतही सहज मिळत नाही. उलट, शुद्ध मेकॅनिकल इंजिनिअरिंग हवं असेल तर इथे येऊ नका. ते इथे नाही. त्यासाठी कार्लस्रूह किंवा आखेन बघा.

अगदीच कोवळं विद्यापीठ बघायचं असेल तर न्युर्नबर्गचं तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, २०२१ चं. शिकवण्याची मुख्य भाषा इंग्रजी, इमारती अजून बांधल्या जाताहेत. सुरुवातीच्या तुकड्यांना तिथे प्राध्यापक जवळून मिळतात. पण माजी विद्यार्थ्यांचं जाळं अजून जमायचं आहे, हेही ध्यानात घ्या.

पायरी ४: गुण, एपीएस आणि उलटं कॅलेंडर

जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे काठावर पास. आपले गुण त्यात बसवायला एक सूत्र वापरतात. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा. मग कमाल गुणांतून उत्तीर्ण होण्याचे किमान गुण वजा करा. पहिल्या उत्तराला दुसऱ्यानं भागा, तीननं गुणा आणि त्यात एक मिळवा.

समजा १० पैकी तुमचा सीजीपीए ८ आहे आणि पास व्हायला ४ लागतात. १० वजा ८ म्हणजे २. १० वजा ४ म्हणजे ६. दोन भागिले सहा, गुणिले तीन, झाला १. अधिक एक, म्हणजे २.०. सीजीपीए ७ असेल तर २.५. कोर्सची अट '२.५ किंवा त्याहून चांगले' असेल तर सातवाला अगदी उंबऱ्यावर उभा आहे, आणि त्यानं प्रेरणापत्रावर, म्हणजे हाच कोर्स का हवा हे सांगणाऱ्या पत्रावर, जास्त मेहनत घ्यायला हवी. किमान गुण किती धरायचे हे तुमच्या गुणपत्रिकेच्या मागे छापलेलं असतं. ती मागची बाजूही स्कॅन करा.

एपीएस प्रमाणपत्र भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी सक्तीचं आहे. आपली कागदपत्रं खरी आहेत याची ती पडताळणी. गर्दीच्या दिवसांत तिला वेळ लागतो, म्हणून आधी शेवटची तारीख पकडा आणि मागे मोजत या. जर्मनीत हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबरला सुरू होतं. इंग्रजी मास्टर्सचे अर्ज बऱ्याच ठिकाणी त्याच वर्षीच्या वसंतात बंद होतात, काही १५ जुलैपर्यंत चालतात. म्हणजे एपीएसचा अर्ज त्याआधीच्या दिवाळीच्या सुमाराला गेलेला असावा. शेवटच्या सेमिस्टरचा निकाल बाकी असला तरी थांबू नका, नियम वाचून अर्ज करा.

बारावीनंतर थेट बॅचलरला यायचं असेल तर वाट वेगळी आहे. नुसती बारावी बहुतेक वेळा पुरत नाही. भारतातल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात एक वर्ष, किंवा तांत्रिक विषयांसाठी जेईई ॲडव्हान्स्ड, किंवा जर्मनीतलं पूर्वतयारीचं वर्ष लागतं. शिवाय कॉन्स्टान्झमध्ये बॅचलरचं शिक्षण मुख्यतः जर्मनमध्येच होतं.

पायरी ५: पैसा

'जर्मनीत शिक्षण फुकट' हे वाक्य कॉन्स्टान्झला लागू नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यानं २०१७ च्या हिवाळी सेमिस्टरपासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो शुल्क लावलं. दोन वर्षांच्या मास्टर्सचे चार सेमिस्टर धरले तर ६,००० युरो. काही गटांना यातून सूट असते. पीएचडीला शुल्क नाही. अर्ज करण्याआधी त्या वर्षीचा नियम विद्यापीठाच्या पानावर पाहा. याशिवाय दर सेमिस्टरला सगळ्यांना लागणारी छोटी वर्गणी असते, ती वेगळी. हे शुल्क टाळायचं तर दुसऱ्या राज्यातलं विद्यापीठ बघा, त्यात कमीपणा काही नाही.

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट लागतं, म्हणजे वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं आणि दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणारं खातं. सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो काढता येतात. हा आकडा सरकार अधूनमधून वाढवतं, त्यामुळे पैसे भरायच्या आठवड्यात पुन्हा तपासा. शैक्षणिक कर्ज काढणाऱ्यांनी बँकेला आधीच स्पष्ट सांगावं की रक्कम एकरकमी परदेशी खात्यात जायची आहे. हप्त्यानं मिळणारं कर्ज इथे अडतं. महाराष्ट्र आणि गोव्यातल्यांचा व्हिसा मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडून होतो.

शिकताना काम करता येतं: वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. विद्यापीठातल्या सहायकाच्या नोकरीला 'हिवी' म्हणतात, आणि शक्य असेल तर तीच शोधा. पैसे हॉटेलातल्या कामाच्या जवळपासच मिळतात, पण प्रबंधाचा विषय आणि शिफारसपत्र तिथूनच येतं. स्वित्झर्लंडचं क्रॉइत्सलिंगेन रस्ता ओलांडला की येतं, पगारही तिकडे जास्त; पण जर्मन निवास परवान्यावर तिथे काम करता येत नाही. फिरायला जा, नोकरीला नको.

पायरी ६: खोली आधी, तिकीट नंतर

कॉन्स्टान्झची सर्वांत मोठी अडचण ही. सरोवराकाठचं सुंदर गाव, एका बाजूला स्वित्झर्लंड, तिन्हीकडून पाणी. जागा कमी आणि भाडी चढी. विद्यार्थी वसतिगृहं 'झेत्साइट' ही संस्था चालवते. प्रवेशाचं पत्र आलं त्याच दिवशी तिथे अर्ज टाका, प्रतीक्षायादी लांब असते. मिळेपर्यंत राडोल्फत्सेल किंवा झिंगेनला राहून रोज रेल्वेनं येणारे पुष्कळ आहेत. 'झेहास' नावाची गाडी या गावांना कॉन्स्टान्झशी जोडते.

खोली न बघता आणि करार न करता कुणी अनामत मागितली तर एक युरोही पाठवू नका. मालक परदेशात आहे, किल्ली कुरियरनं येईल, अशी कथा ऐकू आली की संवाद तिथेच थांबवा. कायद्यानं अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त घेता येत नाही.

पायरी ७: पहिला पंधरवडा

इथे क्रम महत्त्वाचा आहे, कारण एक कागद दुसऱ्यावर अवलंबून असतो. घरमालकाकडून 'हा इथे राहतो' असं सही केलेलं पत्र घ्या. ते घेऊन दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवा. मग बँक खातं, ब्लॉक्ड अकाउंट सुरू करणं, आरोग्य विम्याची पूर्तता, विद्यापीठातली नोंदणी आणि शेवटी निवास परवान्याचा अर्ज. काही दिवसांनी रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येईल, घरामागे महिन्याला १८.३६ युरो. ती फसवणूक नाही, आणि टीव्ही नसला तरी भरावंच लागतं. चार जण एकत्र राहत असाल तर एकानं भरून वाटून घ्या.

पायरी ८: कॅम्पस आणि ग्रंथालय

विद्यापीठ गावाबाहेर गीसबर्ग टेकडीवर आहे, माइनाऊ या फुलांच्या बेटाजवळ. सगळ्या इमारती एकमेकींना जोडलेल्या. पावसात छत्री न उघडता भौतिकशास्त्रातून मेसमध्ये जाता येतं. साठच्या दशकातल्या नियोजकांना वेगवेगळ्या विषयांची माणसं रोज समोरासमोर यायला हवी होती. नवख्याला मात्र ही जोडाजोडी चक्रव्यूह वाटते. वर्गखोलीचा क्रमांक असा वाचा: 'आर ५१३' म्हणजे आर हा भाग, पाचवी पातळी, तेरावी खोली. टेकडीच्या उतारामुळे तुम्ही दारातून आत शिरता तेव्हाच चौथ्या-पाचव्या पातळीवर असू शकता. लिफ्ट शोधण्याआधी भिंतीवरचं अक्षर बघा.

ग्रंथालय हे इथलं हृदय आहे, आणि यात मी जराही वाढवून सांगत नाही. वीस लाखांहून जास्त ग्रंथ, बहुतांश मोकळ्या कपाटांत, विषयवार लावलेले. चिठ्ठी लिहून पुस्तक मागवायचं नाही. स्वतः जायचं, हवं ते काढायचं, आणि शेजारचं अनपेक्षित पुस्तकही हाताला लागतं. जुन्या विद्यापीठांत पुस्तकं विभागाविभागांच्या ग्रंथालयांत विखुरलेली असतात; इथे तत्त्वज्ञान आणि रसायनशास्त्र एकाच छपराखाली. दिवसरात्र उघडं राहणारं विद्यापीठ ग्रंथालय म्हणून ते देशभर माहीत आहे. २०१० मध्ये त्याला जर्मनीतलं 'वर्षातलं ग्रंथालय' हा सन्मान मिळाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात इमारतीत ॲस्बेस्टॉस सापडल्यानं मोठा भाग बंद करावा लागला. पुस्तकं स्वच्छ करून, इमारत दुरुस्त करून ते टप्प्याटप्प्यानं परत उघडलं. साठ-सत्तरच्या दशकातल्या सगळ्याच नव्या विद्यापीठांपुढे आज हा प्रश्न आहे: काँक्रीटचं वय झालं आणि दुरुस्तीचा खर्च मोठा. कॅम्पसवर कायम कुठेतरी पत्रे आणि मचाण दिसेल, त्याचं कारण हे.

पहिल्याच आठवड्यात ग्रंथालयाची ओळख-फेरी करा. तुमच्या विषयाचे ग्रंथपाल कोण ते विचारा. प्रबंधाच्या वेळी ते एका बैठकीत तुमचे कित्येक दिवस वाचवतात.

पायरी ९: वर्गात

इथे हजेरी बहुधा घेत नाहीत, आणि तिथेच आपली मुलं घसरतात. सेमिनारमध्ये बोलणं अपेक्षित असतं. प्रश्न विचारणं हा उद्धटपणा मानत नाहीत. गप्प बसणारा तयारी न करता आला असं समजतात. प्राध्यापकांच्या भेटीची वेळ ठरलेली असते. लहान विद्यापीठ असल्यानं ती मिळते, म्हणून तिचा पुरेपूर उपयोग करा. जाताना एक ठोस प्रश्न लिहून न्या. ईमेलमध्ये 'रिस्पेक्टेड सर' नको. पदवी आणि आडनाव लिहा आणि दोन ओळींत मुद्द्यावर या.

परीक्षेला बसण्यासाठी ऑनलाइन नोंदणी करावी लागते आणि तिची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते. नोंदणी नाही तर परीक्षा नाही, विनंतीपत्रं चालत नाहीत. नापास झाल्यावर किती वेळा बसता येतं, हे कोर्सच्या परीक्षा नियमावलीत आहे. सगळ्या संधी संपल्या तर तोच विषय जर्मनीत दुसरीकडेही शिकता येत नाही, इतकी ती गंभीर बाब आहे. एखादा पेपर जड जातोय असं दिसलं की सेमिस्टरच्या मध्यावरच मार्गदर्शन केंद्रात जा.

पायरी १०: भाषा

मास्टर्स इंग्रजीत असला तरी ए२ पर्यंतचं, म्हणजे रोजच्या साध्या व्यवहारापुरतं, जर्मन घरूनच करून या. पुणे-मुंबईत मॅक्स म्युलर भवन आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे. इतर गावांतल्यांना ऑनलाइन वर्ग आहेत. इथे आल्यावर विद्यापीठाच्या भाषा केंद्रात पुढचा स्तर लगेच घ्या. नोकरीच्या वेळी बी२, म्हणजे सफाईनं बोलता येण्याचा स्तर, असलेला आणि नसलेला यांच्यात फार मोठं अंतर पडतं.

आणि विभागाच्या विद्यार्थी मंडळाकडे, म्हणजे 'फाखशाफ्ट'कडे, पहिल्याच आठवड्यात जा. नव्यांसाठीचे कार्यक्रम तेच करतात. जुन्या प्रश्नपत्रिका, कोणता विषय कोणाकडे घ्यावा, कुठली खोली रिकामी होतेय, ही माहिती कुठल्याच संकेतस्थळावर नसते. ती त्यांच्याकडे असते. कार्यक्रम जर्मनमध्ये असला तरी बसा. अर्ध्या तासात कुणीतरी शेजारी सरकून इंग्रजीत समजावून सांगायला लागतं.